लाल, हिरवी आणि आखाजीचा मुराळी

मोटार कशासाठी घ्यायची, या प्रश्नाला आमच्या जळगावात त्या काळी तीनच उत्तरं होती. व्यापाऱ्याला कापसाच्या जिनावर आणि पेढीवर एकाच सकाळी दिसायचं असे, डॉक्टरला खेड्यातून बोलावणं येई, आणि ज्याच्याकडे पैसा झाला त्याला तो झाल्याचं गावाला कळवायचं असे. मी तिन्हींत बसत नव्हतो. वकिली करत होतो, कोर्ट घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं, आणि पैसा झाल्याची बातमी अजून माझ्यापर्यंतच आलेली नव्हती. कापसाचं एक वर्ष बरं गेलं तेव्हा नानांनी, म्हणजे वडिलांनी, थोडी रक्कम माझ्या हातात ठेवली आणि "शहाण्यासारखी लाव" एवढंच सांगितलं. मी दोन बैठकांची, उघडी, पळणारी मोटार घ्यायचं ठरवलं.

आईनं विचारलं, "कुठं जायचंय तुला?"

"कुठं नाही. चालवायची."

"आणि चालवून?"

"परत यायचं."

"मग जातोस कशाला?" आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. इतका नेमका उलटतपास कोर्टात माझ्या एकाही साक्षीदारानं सोसला नसता.

मोटार चालवायला मी आमच्या डॉक्टर मित्राच्या गाडीवर शिकलो होतो. ती खोक्यासारखी उंच, बंदिस्त गाडी. डॉक्टर ती नाडी पाहावी तशी सावकाश चालवी. तो खेड्यात रोग्याकडे आत गेला की मी तेवढ्यात ती असोद्याच्या रस्त्यावर पळवून आणत असे. वळणावर चाकाचा हिसका हाताला लागतो, गिअर बदलताना इंजिनाचा सूर चढतो आणि उतरतो, यात काय मजा आहे ते मी पुष्कळांना समजावून सांगितलं. ऐकणारे मान हलवत आणि पेट्रोलचा भाव विचारत.

विकाऊ गाड्या दोन होत्या. पहिली भुसावळला. रेल्वेतला एक साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाला होता. त्याची गाडी लाल, तारांच्या चाकांची, पुढची काच आडवी पाडता येणारी. टप म्हणून जे कापड होतं ते उंदरांनी आधीच वाटून घेतलं होतं. दुसरी धुळ्याला. तिथल्या एका मारवाडी पेढीवाल्या शेटजींच्या धाकट्या मुलाची. ती गर्द हिरवी, जरा बुटकी, आणि तिच्या बॉनेटवरून घोड्याच्या तंगासारखा चामड्याचा पट्टा आवळलेला. दोन्हीत दोनच माणसं बसत. मागे पेट्रोलची टाकी आणि टाकीला टेकून जादा चाक, बस. एखादी घागर ठेवायलाही जागा नव्हती. या गोष्टीचा मला अभिमान होता. मी लोकांना सांगत असे की ही गाडी फक्त चालवणाऱ्यासाठी केलेली आहे.

आता बहिणीचं सांगितलं पाहिजे, कारण या सगळ्यात खरं काम तिचं होतं. माझं नव्हतं.

माझी धाकटी बहीण धुळ्याच्या अलीकडे, पारोळ्याच्या रस्त्याला लागून आत असलेल्या एका गावी दिली होती. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते. वर्षभर कुणी काही बोललं, राबवलं, तरी त्या चार दिवसांकडे डोळे लावून पोरी दिवस काढतात. घागर भरायची, सांजोऱ्या खायच्या, आणि लिंबाला बांधलेल्या झोक्यावर दिवसभर बसायचं. तिला आणायला भावानं जायचं असतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर पोर येत नाही. एकटी पाठवायची रीत नाही.

माझी बहीण दोन आखाज्या आली नव्हती. पहिल्या वर्षी तिच्या सासरी सुतक होतं. दुसऱ्या वर्षी मी होतो.

झालं असं की दुसऱ्या वर्षी मुराळी म्हणून निघायच्या दिवशी मी भुसावळला एक मोटारसायकल पाहायला गेलो, आणि पोहोचलो ते आखाजीच्या दुपारी. तिचे सासरे, गावचे पाटील, त्यांना सगळं गाव आबा म्हणे, ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, कोर्टात एका खटल्यात अडकलो होतो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पाणी दिलं, जेवू घातलं, आणि सुनेला पाठवलं नाही. मला वाटलं, उशिराचा राग. घरी आल्यावर नानांनी डोक्याला हात लावला. "अरे, त्या माणसाची बांधावरून अकरा वर्षं दिवाणी चालू आहे. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते हे तुझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक. दुसरी कुठलीही थाप चालली असती."

तिसऱ्या वर्षी आबांनी निरोप पाठवला. मुराळी आखाजीच्या आदल्या दिवशी, सूर्य डोक्यावर यायच्या आत दारात हवा. आला तर पोर पाठवू. नाहीतर पुन्हा हा विषय नको. बहिणीनं तिथल्या मास्तरांकडून एक कार्ड लिहून घेतलं होतं. त्यात सगळ्यांची खुशाली विचारून शेवटी एकच ओळ होती: नानांना म्हणावं, झोका बांधून ठेवा. नानांनी कार्ड आल्याच्या दिवशीच दोर बांधला. नंतर ते रोज सकाळी उठून तो ओढून पाहत.

तेवढ्यात भुसावळच्या साहेबाला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तो मला म्हणाला, दोन दिवस गाडी घेऊन जा, चालवून पाहा. आणि धुळ्याहून शेटजींच्या मुलाचं पत्र आलं की दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी पळवून पाहिल्याशिवाय खरं कळणार नाही, तुम्ही लाल घेऊन इकडेच या. मला ही योजना फार पसंत पडली. आखाजीच्या आधी दोन दिवस धुळ्याला जायचं, संध्याकाळी तुलना करायची, आणि दुसऱ्या दिवशी परत येताना वाटेत बहिणीला घ्यायचं. मी घरात जाहीर केलं की या वर्षी मुराळी मोटारीतून जाणार.

"दोघांचीच ना रे ती?" नानांनी विचारलं.

"दोघांचीच."

"बरं," नाना म्हणाले. मला वाटलं त्यांना पटलं.

दोन दिवस आधी पहाटे मी आणि डॉक्टर निघालो. डॉक्टर का? तर तुलना करायची म्हणजे कुणीतरी घड्याळ धरायला हवं. मी एक वही केली होती. तिच्यात डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी, आणि खाली कलमं: उठाव, ब्रेक, वळण, चढण, सूर, आणि शेवटी आनंद. प्रत्येकाला दहापैकी गुण. 'आनंद' हे कलम पाहून डॉक्टर म्हणाला, "वकील, हा कोणत्या काट्यावर तोलणार?" मी त्याला वही धरायला सांगितली.

लाल गाडी रस्त्याला लागली आणि मी सगळं विसरलो. गिरणा ओलांडेपर्यंत हवा गार होती. मी पुढची काच आडवी पाडली, वारा थेट तोंडावर घेतला, आणि दहा मिनिटांत दोन चिलटं गिळली. एरंडोलच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली. गाडीवान झोपलेले, बैल आपले ओळखीच्या वाटेनं चाललेले. भोंगा वाजवला की बैल बाजूला होत आणि गाडीवान तसाच झोपून राही. मी डॉक्टरला ओरडून म्हणालो, "वळण पाहा कशी घेते." डॉक्टर एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं दरवाजा धरून बसला होता. "पाहतोय," तो म्हणाला. वहीत त्यानं काही लिहिलं नाही, कारण तिसरा हात नव्हता. पारोळ्यापर्यंत ऊन इतकं तापलं की चामड्याची गादी खालून भाजायला लागली. पाण्याची टाकी दोनदा उकळली. मी लालला 'आनंद' या कलमात नऊ गुण मनात देऊन टाकले.

धुळ्याला शेटजींचा मुलगा वाट पाहत उभा होता. पंचविशीचा, गोरा, नम्र. त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं की पेढीचा मालक गादीवर दिसला पाहिजे, आग्रा रोडवर नव्हे. म्हणून गाडी विकायची. मुलाला ती विकायची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मला तो जगातला सगळ्यात प्रामाणिक विकणारा वाटला.

"हिचा ब्रेक डावीकडे ओढतो बरं का, वकीलसाहेब," तो म्हणे.

"थोडाच."

"आज थोडा. पुढे वाढेल. आणि दुसरा गिअर कधी कधी सुटतो. तुमच्या लालचा सूर काय सुंदर आहे."

तो हिरवीचा जेवढा दोष काढी तेवढी मला ती आवडत जाई. माणूस आपल्या मालाची निंदा करतो म्हणजे माल अस्सल असणार, असा वकिली निष्कर्ष मी काढला. संध्याकाळी आम्ही दोन्ही गाड्या लळिंगच्या घाटात चढवल्या. आधी लाल, मग हिरवी. डॉक्टर शेजारी घड्याळ धरून. लाल आवाज फार करी, पण चढणीला दम खाई. हिरवी खाली बसून, रस्त्याला चिकटून, मांजर पायरी चढावी तशी चढली. सुकाणू इतकं हलकं की नुसतं वळणाकडे पाहिलं तरी वळेल. मी खाली येताना म्हणालो, हीच. मग पुन्हा लालमध्ये बसलो आणि म्हणालो, ही. डॉक्टरनं वही मिटली. "तू ज्या गाडीत असतोस तिला दोन गुण जास्त देतोस," तो म्हणाला. "मधे रस्त्यावर उभा राहून विचार कर."

रात्री शेटजींकडे जेवलो, झोपलो. खरं म्हणजे सकाळी सातला निघालो असतो तर नऊच्या आत बहिणीच्या दारात पोहोचलो असतो. पण चहा पिताना मला एक शंका आली. काल लाल संध्याकाळी आधी चढवली, तेव्हा ऊन होतं. हिरवी नंतर, तेव्हा हवा गार झाली होती. हा अन्याय होता. हिरवीला एकदा गार इंजिनावर सकाळी चढवल्याशिवाय निकाल देणं योग्य नाही. अर्ध्या तासाचं काम.

डॉक्टर चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "मला एक विचारायचं होतं. तुझी बहीण बसणार कुठे?"

मी लाल गाडीकडे पाहिलं. एक बैठक. दुसरी बैठक. टाकी. जादा चाक.

"कालपासून, एरंडोलपासून मी हाच विचार करतोय," डॉक्टर म्हणाला. "म्हटलं तू काही ठरवलं असशील."

तेव्हा मला नानांचं "बरं" आठवलं. मी म्हणालो की डॉक्टरला रस्त्यावर सर्व्हिसच्या, म्हणजे उतारू नेणाऱ्या, लॉरीत बसवून देऊ. डॉक्टर म्हणाला, "आणि तिची ट्रंक?" मी म्हणालो, ट्रंकही. आणि वेळ जाऊ नये म्हणून त्याचं घड्याळ खिशात टाकून लगेच हिरवी घेऊन घाटाकडे निघालो.

चढणीच्या दुसऱ्या वळणावर हिरवीचं मागचं चाक बसलं. जादा चाक लावायला गेलो तर त्यातही हवा नव्हती. शेटजींचा मुलगा सोबत सायकलवर असता तर बरं झालं असतं, पण तो घरी होता, आणि मला नंतर नेहमी वाटत आलं की त्याला त्या चाकाची कल्पना असावी. एका टांगेवाल्याला पंप आणायला धुळ्याला पाठवलं. तो पंप घेऊन आला तेव्हा साडेदहा झाले होते. चाक भरून, हिरवी परत करून, लाल चालू करून निघालो तेव्हा अकरा वाजून गेले. मोठा रस्ता मी किती वेगानं घेतला ते सांगत नाही. पण गावात जायची शेवटची दोन मैलांची वाट बैलगाड्यांची होती. दोन्ही चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासत होता. या गोष्टीसाठी माझ्या वहीत कलमच नव्हतं. मी तिथं पायी चालणाऱ्या माणसाच्या मागून गेलो. तो दोनदा वळून पाहून बाजूला झाला, मी त्याला पुढे जाऊ दिलं.

आबांच्या दारात पोहोचलो तेव्हा माझी सावली माझ्या पायाखाली शिरून पलीकडून जराशी बाहेर आली होती. साडेबारा होऊन गेले होते.

आबा ओट्यावर होते. मागच्या वर्षीच्याच जागी. आत, दाराआड, हिरव्या लुगड्याचा काठ दिसला आणि मागे झाला. ती तयार होऊन बसली होती. तिच्या पायाशी ट्रंक आणि वळकटी बांधून ठेवलेली मला ओट्यावरूनच दिसत होती.

आबांनी वर पाहिलं, सूर्याकडे, आणि मग माझ्याकडे. "उशीर कसा व्हयना?"

वाटेत मी चार कारणं तयार केली होती. एकही कोर्टाचं नव्हतं, तेवढं शिकलो होतो. पण त्यांच्या डोळ्याकडे पाहून मी ती चारही गिळली. म्हणालो, "आबा, दोन मोटारी आहेत. त्यातली कोणती घ्यावी कळत नाही. काल दोन्ही पळवून पाहिल्या. आज सकाळी निघायच्या आधी एक परत पळवली, तिचं चाक बसलं. चूक माझी आहे."

डॉक्टर माझ्या मागे धुळीनं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा उभा होता. मग आबा म्हणाले, "दोन्हीस्मा चांगली कोनती शे?"

मला आधी वाटलं ते टोमणा मारताहेत. पण ते ओट्यावर पुढे सरकले होते. मी वही काढली. त्यांना वाचता येत होतं, पण त्यांनी ती डॉक्टरला वाचायला लावली. उठाव, ब्रेक, वळण, चढण. त्यांनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं, जसे बाजारात जनावराचे दात मोजताना ऐकतात. मग सांगू लागले की तरुणपणी एका जोडीसाठी ते बैलबाजारात असेच अडकले होते. दोन जोड्या. एक पांढरी, एक कोशी रंगाची. जुंपून पाहिल्या, सोडल्या, परत जुंपल्या. त्या पायी स्वतःच्या लग्नाची हळद चुकली. भाऊबंदांनी त्यांच्या वाटची हळद घरी राहिलेल्या पागोट्याला लावली.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "आन् जोडी कोनती लयनात तेबी सांगा. एक बैल लंगडा निंघना."

"तो नंतर," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमना शेजारे कोन बठेल व्हतं?"

"डॉक्टर."

"त्यास्ले इचारं का?"

मी डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "मला घड्याळ धरायला सांगितलं होतं."

आबा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "हाकणाराले काय समजस?" ते म्हणाले. "त्याना हात काम करस, त्याले बठ्ठं चांगलं वाटस. बाजूले बठस त्याले इचारा." बठ्ठं म्हणजे सगळं. मग ते आत पाहून म्हणाले, "पान वाढा. मंग दमणी जुंपा."

दमणी म्हणजे छपराची बैलगाडी; ती जुंपा म्हणजे पाठवणार. आतला काठ पुन्हा दाराशी आला, आणि या वेळी मागे झाला नाही.

पण जेवताना दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो आबांच्या बायकोनं उभा केला. सून उघड्या गाडीतून गावातून जाणार नाही. डोक्यावर टप नाही, बाजूला पडदा नाही, पाटलाची सून भर दुपारी सगळ्या ओट्यांसमोरून काय अशी मिरवत जाणार? मी या गाडीत ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त खूष होतो, ती वारा लागणारी, उघडी, टप नसलेली बैठक, तीच इथं चालत नव्हती. टप उंदरांनी खाल्लाय असं मी सांगितलं. त्यानं कुणाचं मत बदललं नाही.

मग आबांनी निवाडा दिला. सून पडद्याच्या दमणीत बसून निघेल. दमणी अमळनेरला जाईल, तिथून रेल्वेनं जळगाव. मुराळ्यानं आपली गाडी घेऊन मागून यावं. आणि शिवेपर्यंत मुराळ्याच्या शेजारी ते स्वतः बसतील, कारण पाहिलं पाहिजे.

मिरवणूक अशी निघाली. पुढे दमणी, पांढऱ्या बैलांची, पडदे सोडलेले, आत बहीण आणि ट्रंक. दमणीच्या पुढच्या बैठकीवर गाडीवानाशेजारी डॉक्टर, कोट आणि टोपी घालून. मागून पहिल्या गिअरमध्ये लाल गाडी, आणि माझ्या शेजारी पागोटं घातलेले आबा, दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटोला बसावं तसे. ओट्याओट्यावर माणसं उभी. इंजिन तापलं, पाणी उकळलं, वाफ आबांच्या पागोट्यात शिरली. ते हलले नाहीत.

गावाची शीव म्हणजे एक नाला आणि पलीकडे दगड. नाला ओलांडल्यावर मोकळी वाट लागली. आबांनी मला थोडं पळवायला सांगितलं. मी पळवली. वळण होतं, घेतलं. परत फिरवून आणली, उभी केली. ते खाली उतरले, धोतर झटकलं, आणि दमणीला थांबा म्हणाले.

"शिववरी आमनी वहू," ते मला म्हणाले. "शिवना पुढे तुमनी आंडेर." वहू म्हणजे सून, आंडेर म्हणजे लेक. एवढं बोलून ते पाठ फिरवून नाल्याकडे चालू लागले. त्यांनी पुन्हा मागे पाहिलं नाही. मला कळायला दोन क्षण लागले. दमणीतल्या बहिणीला एकही लागला नाही. पडदा वर झाला आणि ती उडी मारून खाली उतरली.

"डॉक्टर, तुम्ही आत बसा," ती म्हणाली. "ऊन आहे."

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिला. ट्रंक, वळकटी, पापडाचा डबा, सांजोऱ्यांची टोपली आणि तो, हे सगळं अमळनेरला जाणार होतं. "वकील," तो म्हणाला, "माझं घड्याळ परत दे." मी दिलं. तो पडद्याआड गेला.

बहीण शेजारी बसली. पहिले दोन मैल तिनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा म्हणाली, "भाऊ, ही काच पडते का?" मी थांबून काच पाडली. पारोळा मागे पडला. मी दोनदा विचारलं, कशी वाटते, कशी वाटते. ती म्हणाली, पुढे पाहा. एरंडोलच्या पुढे एका उतरणीवर, जिथं रस्ता खाली जाऊन लगेच डावीकडे वळतो, तिथं ती एकदम हसली. पदर केव्हाच मानेवर पडला होता, केस सुटले होते, तोंड धुळीनं लाल.

"काय झालं?"

"झोका मागे जातो ना," ती म्हणाली, "तेव्हा पोटात होतं तसं झालं." मग म्हणाली, "दुसऱ्या गाडीत पण होतं का असं?"

दोन दिवस, चार चढणी, सहा कलमं, आणि मला एवढंही ठाऊक नव्हतं. दोन्ही गाड्यांत मी हाकणारा होतो. मी म्हणालो, "डॉक्टरला विचारावं लागेल."

"त्यांनी डोळे मिटले असतील," ती म्हणाली. "परत घे ना तो उतार."

मी गाडी मागे नेऊन तो उतार तीनदा घेतला. दिवेलागणीला घरी पोहोचलो. आई दारात आली, तिनं मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि हातावर आलेली धूळ पाहिली.

"दमणीत बसून आलीस ना ग?"

"दमणीतच बसले," बहीण म्हणाली. हे खोटं नव्हतं. नाना लिंबाखाली गेले आणि दोर आणखी एकदा ओढून पाहिला.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यानं आला, ट्रंकेवर वळकटी, वळकटीवर टोपली. त्यानं अमळनेरच्या स्टेशनवर वहीत तिसरा रकाना आखला होता. दमणी. उठाव शून्य, ब्रेक दहा, सूर घंटांचा, सहा. आनंद नऊ, एक गुण सांजोऱ्यांना मुंग्या लागल्या म्हणून कापला. बहीण तेव्हा झोक्यावर होती आणि आजूबाजूच्या चार माहेरवाशिणी तिची पाळी संपायची वाट पाहत होत्या. तिची पाळी काही संपत नव्हती.

वहीप्रमाणे हिरवी दोन गुणांनी जिंकली होती. मी लाल घेतली. शेटजींच्या मुलाला कळवलं तेव्हा त्याचं उलट टपाली पत्र आलं, त्यात दुःखाचं एकही अक्षर नव्हतं.

लाल घेतली म्हणून मी शहाणा ठरलो असं नाही. ती पावसाळ्यात चालूच होत नसे. काळ्या मातीत रुतली की बैलच आणावे लागत, आणि ते आणायला मी जात असे. लढाई सुरू होऊन पेट्रोल मिळेनासं झालं, तोवर तिनं मला माझ्या अशिलांपुढे अनेकदा ढकलायला लावलं. पण पुढच्या वर्षी चैत्रातच आबांचं कार्ड आलं. सगळ्यांची खुशाली विचारून त्यांनी लिहिलं होतं: मुराळी कधीही यावा, उशीर झाला तरी चालेल, मात्र लाल गाडीच आणावी. डॉक्टरांनाही घेऊन यावं. दमणी जुंपून ठेवतो.

डॉक्टरला ते कार्ड दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "सांजोऱ्यांना झाकण असेल ना या वेळी?"